आकडा मोजला, पुढे काय?

दंडाच्या मागच्या बाजूला साखर सतत मोजणारी नाण्याएवढी एक चकती चिकटवलेली असते आणि तिच्यातून निघालेला केसासारखा तंतू त्वचेखाली जेमतेम काही मिलिमीटर शिरलेला असतो. पेशींभोवतीच्या द्रवातील साखरेशी या तंतूवरील विकराची (एन्झाइमची) अभिक्रिया होते, त्यातून अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्याचा आकडा मोबाइलवर उमटतो. दर पाच मिनिटांनी नोंद घेणारे उपकरण दिवसाला 288 नोंदी देते. सकाळचे पोहे खाल्ल्यावर आलेख कुठवर चढतो आणि जेवणानंतर थोडे चालून आल्यावर तो कसा खाली बसतो, हे मधुमेही माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. मात्र रक्तातील बदल या द्रवात उतरायला काही मिनिटे लागतात. त्यामुळे घाम सुटला, हात थरथरू लागले आणि मोबाइलवरचा आकडा मात्र ठीक दिसत असला, तर बोटातून रक्त काढून खात्री करणेच योग्य ठरते.

रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए1सी चाचणीत हे चढउतार दिसत नाहीत. म्हणूनच 2019 मध्ये तज्ज्ञांनी आंतरराष्ट्रीय सहमतीने आणखी एक मोजपट्टी सुचवली: बहुतेक प्रौढ मधुमेहींची साखर दिवसातील किमान 70 टक्के वेळ, म्हणजे जवळपास 17 तास, 70 ते 180 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यात राहावी.

मोजण्याचे तंत्र इतके पुढे गेल्यावर संशोधकांसमोर आता अधिक अवघड प्रश्न आहे. आकडा हाती आल्यानंतर कोण काय करतो?

ब्रिटनमधील टास्मिनएच4 या चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. उच्च रक्तदाबाच्या सुमारे 1,200 रुग्णांची त्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी केली होती. वर्षभरानंतर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 140.4 होता, घरी मोजणाऱ्यांचा 137.0, तर घरचे आकडे मोबाइलने डॉक्टरांकडे पाठवणाऱ्यांचा 136.0. फरक लहान दिसत असला, तरी मला त्यामागचे कारण फार मोलाचे वाटते. घरी मोजलेल्या आकड्यांवरून डॉक्टरांनी औषधाची मात्रा बदलली होती. नुसते यंत्र घरात आणून ठेवल्याने रक्तदाब उतरत नाही.

उपकरण महागडेच हवे, असेही नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 537 नोकरदार पुरुषांवर दक्षिण भारतात झालेली एक चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्यांना आहार आणि व्यायामाविषयी साधे एसएमएस नियमित पाठवले गेले, तेही ज्याची सवयी बदलण्याची जितकी तयारी झाली असेल, तिला अनुसरून. दोन वर्षांत या गटातील 18 टक्के लोकांना मधुमेह झाला, तर सुरुवातीला एकदाच सल्ला मिळालेल्या गटातील 27 टक्क्यांना.

उलट अनुभवही तितक्याच गांभीर्याने वाचायला हवा. हरियाणा आणि कर्नाटकातील 40 सामुदायिक आरोग्य केंद्रांत ‘एमवेलकेअर’ या प्रणालीची चाचणी झाली. परिचारिकेच्या टॅबलेटवर रुग्णाची माहिती भरली, की ही प्रणाली डॉक्टरांना उपचार सुचवत असे. पण रक्तदाब आणि साखरेतील सुधारणा ही प्रणाली वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच दिसली, कारण तुलनेच्या गटातील केंद्रांनाही प्रशिक्षण आणि तक्ते देऊन नेहमीपेक्षा चांगली सेवा उभी केलेली होती. माझ्या मते हा निकाल निराशेचा नाही. केंद्राची घडी नीट बसली की निम्मे काम तिथेच होते, हेच त्यातून दिसते.

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात हीच घडी बसवण्यावर भर आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांपासून त्याची सुरुवात झाली. ठरलेली मोजकी औषधे, ती देण्याचा ठरलेला क्रम आणि त्याच्या जोडीला ‘सिंपल’ नावाचे ॲप. रुग्णाकडे क्यूआर कोड असलेले कार्ड असते. परिचारिका ते स्कॅन करते, रक्तदाब आणि औषधांची नोंद करते आणि पुढची तारीख देते. या ॲपचा खरा उपयोग मात्र जे आले नाहीत, त्यांच्यासाठी आहे. तारीख उलटलेल्या रुग्णांची यादी परिचारिकेला पडद्यावर दिसते आणि ती तिथूनच फोन लावते. गोळ्या संपल्या, की खाडा परवडत नव्हता, की बरे वाटू लागले म्हणून औषध सोडले, हे तिला त्या फोनवर कळते.