पार्श्वभूमी : ‘निर्वासित’ तिबेटी विद्यार्थी, मनावरचा ताण आणि एक जन्मतारीख

निर्वासित नागपूरला नवे नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं जरीपटक्यात वसली. १८६४ सालचं मनोरुग्णालय तिथून फार लांब नाही, पण त्याची ओळख ‘पागलखाना चौक’ एवढीच राहिली. घरदार गेल्याच्या धक्क्याला तेव्हा कुणी आजार म्हटलं नाही. माणसं दुकानाला लागली, मुलं कॉलेजात गेली. आघातानंतरच्या ताणविकाराला वैद्यकाच्या यादीत स्वतंत्र नाव मिळालं ते १९८० मध्ये.

आता प्रश्न तिबेटी मुलांचा. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. तेव्हा तो भंडारा जिल्हा होता, १९९९ पासून गोंदिया. १९५९ नंतर तिबेट सोडून हिमालय ओलांडला तो आजी-आजोबांनी. नातवाने तो फक्त ऐकलाय. छातीत धडधड, झोप नाही, अशा तक्रारींना घरात ‘सोक-लुंग’ म्हणतात, म्हणजे शरीरातला जीवनशक्तीचा वारा बिघडला. समुपदेशकाच्या फॉर्मवर तेच ‘चिंता’ होतं. दोन्ही शब्द एकाच दुखण्याचे आहेत असं मानायची घाई करू नये.

खरा गुंता ‘निर्वासित’ या शब्दाचा. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, त्यामुळे आपल्या कायद्यात असा स्वतंत्र दर्जाच नाही. बोलताना निर्वासित, कागदावर परदेशी. परदेशी म्हणून झालेल्या नोंदणीचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत जपायचं, मुदत संपली की नूतनीकरण करायचं. प्रवेशाच्या खिडकीवर अस्खलित मराठी बोलणारी मुलगी ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यापाशी अडते.

यावर उत्तर होतं. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, मग तो तिबेटी का असेना, असं दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये सांगितलं. म्हणजे एकाच घरात १९८५ चा दादा भारतीय आणि १९८८ ची बहीण परदेशी, असंही होऊ शकतं. आज कॉलेजात असलेल्या पिढीचं नागरिकत्व तर आई-वडील कधी जन्मले यावर टांगलेलं. त्यातच २०१७ मध्ये पासपोर्टसाठी अटी आल्या: नोंदणीचं पुस्तक रद्द करा, वसाहतीत राहू नका, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा. कागदोपत्री तर्क दिसतो; पण भारतीय व्हायचं तर आजीचं अंगण सोड, हे विशीतल्या पोराला सांगणं मला तरी कठोरच वाटतं. हिमालयाचा आघात वारशाने आला असेल, हा ताण मात्र इथला, ताजा.

त्याच २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचार मिळण्याचा हक्क ‘प्रत्येक व्यक्ती’ला दिला आहे. त्या कलमात ‘नागरिक’ हा शब्द नाही.