राजविवाह आणि आधुनिक राजेशाही

राजघराण्यातील व्यक्तीचे, विशेषतः गादीच्या वारसदाराचे लग्न हा कुटुंबातला समारंभ असला तरी राज्याच्या दृष्टीने तो सार्वजनिक विषय ठरतो. अशा लग्नाला राजविवाह म्हणतात. राजाच्या हाती खरी सत्ता होती तेव्हा राजविवाह म्हणजे दोन दरबारांमधला तह असे. पुढे सत्ता संसदेकडे गेली. मग या लग्नांचे महत्त्व ओसरायला हवे होते, पण झाले उलटेच. नामधारी राजाच्या घरातले लग्न पाहायला पूर्वी कधी नव्हती एवढी गर्दी जमू लागली. या गर्दीला निव्वळ हौस म्हणून बाजूला सारणे चूक आहे. लोकांच्या मर्जीवर टिकलेल्या राजेशाहीत राजाच्या घरात कोण येणार हे लोकांनाही मान्य असावे लागते, आणि राजविवाहाबद्दलचे कुतूहल हा ती मान्यता देण्याचा किंवा नाकारण्याचा मार्ग आहे.

जुन्या पद्धतीच्या राजविवाहाचे उदाहरण शोधायला मराठी वाचकाला लांब जावे लागत नाही. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रगांझा यांच्या विवाहाचा करार १६६१ मध्ये झाला आणि त्यात मुंबई बेट हुंड्यात दिले गेले. पुढच्या वर्षी लग्न लागले. स्थानिक पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेटाचा ताबा देण्यास १६६५ पर्यंत टाळाटाळ केली आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. बेटावर राहणाऱ्या कोळी, भंडारी आणि इतर लोकांना या व्यवहारात कोणी काही विचारले नाही. नवरा-नवरीचेही मत फारसे विचारात घेतले जात नसे, मग प्रजेचे कुठून?

लोकांपुढे मांडलेल्या राजविवाहाची सुरुवात सामान्यतः व्हिक्टोरिया राणीपासून धरतात. तोवर ब्रिटिश राजघराण्यातली लग्ने बहुधा संध्याकाळी, राजवाड्याच्या आतच उरकली जात. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी दिवसाउजेडी लागले, त्यामुळे रस्त्यावर उभ्या लोकांना राणीची मिरवणूक पाहता आली. तिचा पांढरा रेशमी पोशाख स्पिटलफील्ड्सच्या कापडाचा आणि डेव्हनमधल्या कारागीर स्त्रियांनी विणलेल्या लेसचा होता. देशी उद्योगाला हातभार लावावा हा त्यामागचा हेतू होता. पांढऱ्या रंगाची चाल मात्र जगभर पसरली. १८५८ मध्ये तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नानंतर वधूवर बकिंगहॅम राजवाड्याच्या सज्जात येऊन लोकांना सामोरे गेले आणि पुढे तो रिवाजच पडला. १८६३ मध्ये युवराज एडवर्ड आणि डेन्मार्कची अलेक्झांड्रा यांच्या लग्नाने देशभर उडालेली धांदल पाहून वॉल्टर बॅजट या राज्यशास्त्रज्ञाने म्हटले, की राजपुत्राचे लग्न ही सगळ्यांच्याच आयुष्यातल्या एका घटनेची झळाळती आवृत्ती असते, म्हणून ती माणसाला खिळवून ठेवते. राजेशाहीच्या अभ्यासात हे वाक्य आजही वारंवार उद्धृत होते. पण त्याने फक्त पाहणाऱ्याचे कौतुक टिपले. पाहणारा नाराजही होऊ शकतो, हे पुढच्या शतकाने दाखवून दिले.

पहिल्या महायुद्धात जर्मनीशी असलेले नाते राजघराण्याला अडचणीचे झाले. १९१७ मध्ये पाचव्या जॉर्जने घराण्याचे जर्मन नाव सोडून विंडसर हे नाव घेतले आणि आपल्या मुलांना ब्रिटिश घराण्यांत लग्न करण्याची मोकळीक दिली. १९२३ मध्ये त्याच्या दुसऱ्या मुलाचे लग्न एलिझाबेथ बोज-लायन हिच्याशी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत झाले. ते रेडिओवरून ऐकवण्याची बीबीसीची विनंती चर्चच्या अधिकाऱ्यांनी फेटाळली. दारूच्या गुत्त्यात बसलेली माणसे डोक्यावरची टोपीही न काढता प्रार्थना ऐकतील, अशी भीती त्यामागे होती असे सांगतात. अकराच वर्षांनी, १९३४ मध्ये, पाचव्या जॉर्जच्या आणखी एका मुलाचे, ड्यूक ऑफ केंटचे, लग्न मात्र रेडिओवरून सर्वदूर ऐकू गेले.

मान्यता नाकारली गेल्याचे सर्वांत ठळक उदाहरण १९३६ चे. आठव्या एडवर्डला वॉलिस सिम्प्सन या अमेरिकन स्त्रीशी लग्न करायचे होते. तिचा एक घटस्फोट झालेला होता आणि दुसरा होऊ घातला होता. तिला राणीपद न देता लग्न करावे, अशी तडजोड सुचवली गेली. पंतप्रधान बाल्डविन यांच्या मंत्रिमंडळाने ती नाकारली आणि ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका यांच्या सरकारांनीही विरोध कळवला. राजाला मंत्र्यांचा सल्ला डावलता येत नव्हता, म्हणून त्याने डिसेंबरमध्ये गादी सोडली. राजाने कोणाशी लग्न करावे हे निवडून आलेले सरकार ठरवू शकते, हे तेव्हा स्पष्ट झाले. एकोणसत्तर वर्षांनी, २००५ मध्ये, युवराज चार्ल्सने घटस्फोटित कॅमिला पार्कर बोल्स हिच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले तेव्हा त्याला काही सोडावे लागले नाही. २०२३ मध्ये तिचा राणी म्हणून राज्याभिषेकही झाला. मधल्या काळात मुख्यतः बदलली ती लोकांची घटस्फोटाकडे पाहण्याची दृष्टी.

राजकन्या एलिझाबेथ आणि फिलिप यांच्या १९४७ च्या लग्नात लोकांचा सहभाग वेगळ्या रूपात दिसतो. युद्ध संपून दोन वर्षे झाली होती, पण कापड अजून रेशनवर होते. पोशाखासाठी सरकारने वधूला दोनशे जादा कुपने दिली. देशभरातल्या स्त्रियांनीही आपापली कुपने पाठवली, पण ती दुसऱ्याला देणे बेकायदा असल्याने परत करावी लागली. भारत तीन महिन्यांपूर्वीच स्वतंत्र झाला होता. महात्मा गांधींनी स्वतः कातलेल्या सुताचे विणलेले, मध्ये ‘जय हिंद’ अक्षरे असलेले वस्त्र अहेर म्हणून पाठवले. हैदराबादच्या निजामाने हिऱ्यांचे दागिने दिले. एकाच लग्नात आलेल्या या दोन अहेरांत त्या वर्षीचा हिंदुस्थान स्पष्ट दिसतो.

जपानमध्ये १० एप्रिल १९५९ रोजी युवराज आकिहितो आणि मिचिको शोदा यांचे लग्न झाले. मिचिको पिठाच्या गिरण्यांच्या उद्योगपतीची मुलगी. सरदार घराण्याबाहेरून आलेली पहिलीच युवराज्ञी. दोघांची ओळख करुइझावा इथल्या टेनिस कोर्टावर झाली होती. दरबारातल्या जुन्या मंडळींना हे स्थळ रुचले नाही, सामान्य जनतेने मात्र तिला डोक्यावर घेतले. मिरवणूक पाहता यावी म्हणून लोकांनी घरोघरी दूरचित्रवाणी संच घेतले आणि लग्नाच्या सुमारास देशातल्या संचांची नोंदणी वीस लाखांवर गेली. युद्धातल्या पराभवानंतर १९४७ च्या राज्यघटनेने सम्राटाला केवळ राष्ट्राचे प्रतीक ठरवले होते. हे प्रतीक लोकांच्या मनात रुजले ते बऱ्याच अंशी या लग्नामुळे.

नेदरलँड्समध्ये गादीच्या वारसदाराला लग्नासाठी संसदेची कायद्याने संमती घ्यावी लागते, अन्यथा वारसाहक्क जातो. त्यामुळे तिथला वाद रस्त्यावर आणि सभागृहात असा दोन्हीकडे रंगतो. १९६६ मध्ये राजकन्या बिआट्रिक्सने क्लाउस फॉन आम्सबर्ग या जर्मनाशी लग्न केले. तो तरुणपणी जर्मन सैन्यात होता आणि डच लोकांच्या मनात नाझी अंमलाच्या जखमा ताज्या होत्या. संसदेने संमती दिली, तरी अ‍ॅमस्टरडॅमच्या रस्त्यावर मिरवणुकीवर धुराचे बाँब पडले. ‘माझी सायकल परत द्या’ ही घोषणाही झाली, कारण युद्धकाळात जर्मनांनी लोकांच्या सायकली जप्त केल्या होत्या. तोच क्लाउस पुढे राजघराण्यातली सर्वांत लोकप्रिय व्यक्ती ठरला. २००२ मध्ये त्याच्या मुलाने, विलेम-अलेक्झांडरने, अर्जेंटिनाच्या माक्सिमा सोरेगिएताशी लग्न केले. तिचे वडील हुकूमशहा व्हिडेला याच्या राजवटीत मंत्री होते. बऱ्याच वाटाघाटींनंतर संसदेने संमती दिली आणि वडील लेकीच्या लग्नाला आले नाहीत. तिच्या देशातल्या टँगोची धून वाजली तेव्हा चर्चमध्ये वधूला अश्रू आवरले नाहीत. लोकशाहीने राजघराण्याकडून किती नेमकी किंमत वसूल केली, हे त्या रिकाम्या खुर्चीत दिसले. माझ्या मते ती मागणी रास्त होती.

२९ जुलै १९८१ रोजी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये झालेले चार्ल्स आणि डायना यांचे लग्न जगभरात सुमारे ७५ कोटी लोकांनी पाहिले असा अंदाज सांगितला जातो. ब्रिटनमध्ये त्या दिवशी सुटी होती, पण देश मंदी आणि बेकारीने गांजलेला होता आणि त्याच महिन्यात अनेक शहरांत दंगली उसळल्या होत्या. इतक्या मोठ्या जनसमुदायापुढे उभे केलेले लग्न मोडले तेही सर्वांसमक्ष. १९९६ मध्ये घटस्फोट, १९९७ मध्ये डायनाचा पॅरिसमध्ये अपघाती मृत्यू. त्या आठवड्यात लोकांचा रोष राजवाड्यावर उलटला आणि राणीला दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलावे लागले. लग्नाला जमलेल्या लोकांना राजघराणे नंतर घरी पाठवू शकत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

राजविवाहांवरचा ठाम आक्षेप खर्चाचा असतो. अलीकडच्या ब्रिटिश लग्नांत समारंभाचा मुख्य खर्च कुटुंबाने केला तरी पोलीस बंदोबस्त सरकारी तिजोरीतून झाला. जन्माने मिळणाऱ्या मानाला लोकशाहीत जागा असावी का, हा मूळ प्रश्न याहून मोठा आहे आणि प्रजासत्ताकवादी तो प्रत्येक लग्नाच्या वेळी विचारतात. काही सुधारणा झाल्या. २०१३ च्या ब्रिटिश कायद्याने गादीच्या वारसाहक्कातला मुलगा-मुलगी भेद काढला, कॅथलिक जोडीदाराची आडकाठी हटवली आणि लग्नाला राजाची संमती घेण्याची अट गादीच्या क्रमातल्या पहिल्या सहा व्यक्तींपुरतीच ठेवली.

भारतात संस्थानिकांचे तनखे आणि मानमरातब १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संपले. तरी राजघराण्यातल्या मुलीने स्वतःची निवड करण्याचे एक धीट उदाहरण मराठी घराण्यातलेच आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांशी ठरलेली सोयरीक मोडली आणि १९१३ मध्ये लंडनला कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केले. ब्रिटिश राजघराण्याशी मुंबईचे नाते पुढे डबेवाल्यांनी जोडले. २००३ मध्ये चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटले आणि २००५ च्या लग्नाचे आमंत्रण दोघा डबेवाल्यांना गेले. २०१८ मध्ये हॅरी आणि मेगन यांच्यासाठी डबेवाल्यांनी पैठणीचा अहेर केला. त्या जोडप्याने अहेराऐवजी ज्या सात संस्थांना देणगी द्यावी असे सुचवले, त्यांत मुंबईच्या वस्त्यांमध्ये मासिक पाळीच्या आरोग्यावर काम करणारी मैना महिला फाउंडेशन होती.

मान्यता नाकारण्याचा हक्क नेहमी न्यायानेच वापरला जातो असे नाही. जपानच्या कायद्याप्रमाणे घराण्याबाहेर लग्न करणाऱ्या राजकन्येचे राजपद जाते, राजपुत्राचे जात नाही. आकिहितो यांची नात माको हिचा वाङ्निश्चय २०१७ मध्ये जाहीर झाला, पण वराच्या आईच्या पैशांच्या व्यवहारावरून वृत्तपत्रांनी आणि जनतेने चार वर्षे टीकेची झोड उठवली. तिच्या मनावर त्याचा आघात झाल्याचे राजवाड्याने जाहीर केले. २६ ऑक्टोबर २०२१ रोजी तिने कोणताही पारंपरिक विधी न करता लग्नाची नोंदणी केली, राजपद सोडणाऱ्या राजकन्येला मिळणारी सरकारी रक्कम नाकारली आणि पुढच्याच महिन्यात ती पतीसह न्यूयॉर्कला राहायला गेली.