नडगीवरची पांढरी रेघ

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत नडगीवरून नख ओढले की पांढरी रेघ उमटते. लहानपणी आम्ही पुण्यातल्या शाळेत बाकावर बसून पायांवर अशी नावे लिहीत असू. घरी आल्यावर आई खोबरेल तेलाचा हात फिरवी आणि अक्षरे क्षणात नाहीशी होत. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती पुन्हा लिहिता येत. थंडीत त्वचेला तेल हवे असते, ही आपली समजूत अशाच अनुभवांतून पक्की झाली असावी. ती अर्धीच खरी आहे.

मुळात त्वचा फुटते ती थंडीपेक्षा कोरडेपणामुळे. ११ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १० ग्रॅम बाष्प मावते, तर २९ अंशांना सुमारे २९ ग्रॅम. पहाटे गवतावर दव पडलेले असते, म्हणजे हवा बाष्पाने काठोकाठ भरलेली असते. दुपारी पारा २९ अंशांवर चढतो, पण बाष्प तेवढेच राहते आणि सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास घसरते. रत्नागिरीहून पुण्याला शिकायला आलेल्या मुलांचे ओठ पहिल्याच हिवाळ्यात फुटतात, याचे कारण हेच. शिकागो किंवा टोरांटोला स्थायिक झालेल्यांची अवस्था याहून बिकट असते, कारण तिथली उणे १० अंशांची हवा घरात २१ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम ११-१२ टक्के उरते.

अशा हवेत त्वचेचे काय होते, हे अमेरिकेतील संशोधक अर्विन ब्लँक यांनी १९५२ साली अगदी साध्या प्रयोगातून दाखवले. त्यांनी तळपायाच्या घट्ट्याचे वाळलेले, कडक तुकडे घेतले. ते तेलात बुडवून ठेवले तरी कडकच राहिले. पाणी मिळताच मात्र लवचीक झाले. त्वचेचा मऊपणा तेलाचा नसून पाण्याचा असतो, आणि सर्वांत बाहेरच्या थरातील पाणी सुमारे १० टक्क्यांखाली गेले की तो थर ठिसूळ होतो, असा त्याचा अर्थ.

हा बाहेरचा थर, म्हणजे शृंगस्तर, मृत पेशींचा असतो. पण मृत आहे म्हणून तो निष्क्रिय आहे असे समजू नये. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी. त्यात केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचा गिलावा त्यांना सांधून ठेवतो. मला सर्वांत विलक्षण वाटते ते विटांच्या आतले रसायन. खालच्या थरांत फिलॅग्रीन नावाचे मोठे प्रथिन तयार होते. पेशी वर सरकत असताना विकरे (एन्झाइम) त्याचे तुकडे करून त्याची अमिनो आम्ले बनवतात, आणि ही आम्ले व त्यांच्यापासून बनणारे पदार्थ पाणी धरून ठेवतात. हे विघटन केव्हा व्हायचे, हे आर्द्रता ठरवते. उंदराचे पिलू गर्भजलात असेपर्यंत बाहेरच्या थरातील फिलॅग्रीन तसेच राहते; जन्मानंतर कोरड्या हवेशी गाठ पडली की ते तुटू लागते. परंतु विकरांना काम करायला थोडे पाणी लागतेच. हवा फारच शुष्क झाली तर पाणी धरणाऱ्या पदार्थांची निर्मितीच मंदावते आणि कोरडेपणातून आणखी कोरडेपणा वाढत जातो. फिलॅग्रीनच्या जनुकात दोष असलेल्यांची त्वचा जन्मभर खवल्यांची राहू शकते, हे २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले.

पेशींना एकमेकींशी जखडणारे दुवे कापणाऱ्या विकरांनाही पाणी लागते. एरवी पेशी सुट्या होऊन नकळत गळून जातात. पाणी कमी पडले की त्या एकमेकींना चिकटून राहतात, त्यांचे खवले होतात, खवल्यांच्या कडा उचलल्या जातात आणि फटींत हवा शिरते. केराटिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, सुमारे १.५५, तर हवेचा १. या तफावतीमुळे प्रकाश विखुरतो आणि रेघ पांढरी दिसते. तेलाचा अपवर्तनांक १.४६ च्या आसपास असल्याने ते फटींत भरताच विखुरणे थांबते. भज्यांखालचा कागद तेलाने पारदर्शक होतो, तोच हा प्रकार. आईच्या हाताने अक्षरे पुसली जात, पण खालचा थर कोरडाच असे.

तेलाचे खरे काम आत आलेले पाणी उडू न देण्याचे आहे, म्हणून ते केव्हा लावतो याला महत्त्व आहे. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ करावी, अंग टिपून घ्यावे आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल, पेट्रोलियम जेली किंवा साधे मॉइश्चरायझर लावावे. कडकडीत पाणी आणि साबण गिलाव्यातील मेद धुऊन नेतात. साबणाचा सामू (pH) ९ ते १० असतो, तर त्वचेचा ५ च्या आसपास. अभ्यंगाचे तेल साबणाचा मारा थोडा सौम्य करते, पण अंघोळीनंतरच्या तेलाची जागा ते घेऊ शकत नाही. त्वचेत मुरून ती भरून काढण्याचा दावा करणाऱ्या महागड्या कोलॅजेन क्रीमवर पैसे घालवू नयेत: सुमारे ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) मोठे रेणू शृंगस्तर सहसा आत येऊ देत नाही, आणि कोलॅजेनचा रेणू ३ लाख डाल्टनचा असतो. मुलांच्या गालांवरचे फिकट चट्टे पाहून जंतांचे किंवा कॅल्शियमचे औषध देण्याची पद्धतही सोडून द्यावी. ते बहुधा कोरड्या त्वचेवरचे सौम्य इसबासारखे चट्टे असतात.

टाचांचे गणित थोडे वेगळे आहे. तळपायाला तैलग्रंथी नसतात आणि तिथला शृंगस्तर इतर ठिकाणच्या कितीतरी पट जाड असतो, त्यामुळे तो वाळला की वाकण्याऐवजी चिरतो. कोकणात अशा भेगांवर कोकमाच्या तेलाचा, मुठीत वळलेला फिकट गोळा वितळवून लावतात. हे तेल ४० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून अंगाच्या उष्णतेने पातळ होऊन ओघळत नाही आणि भेगेत घट्ट बसून राहते. मात्र आधी पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत, पुसावेत, मग तेल भरावे आणि रात्रभर सुती मोजे घालावेत. मधुमेह असलेल्यांनी पाणी कोमटच आहे ना, हे हाताने किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावे, कारण पायाची संवेदना कमी झाली असेल तर चटका कळत नाही. आणि भेगेतून रक्त आले तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांना पाय दाखवावा.