बगॅसोसिस

उसाचा रस काढल्यावर उरलेल्या चोथ्याला साखर कारखान्यात बगॅस म्हणतात. साठवलेल्या, बुरसलेल्या बगॅसची धूळ श्वासावाटे आत गेल्याने फुप्फुसांना होणारा ॲलर्जीजन्य व्यावसायिक रोग म्हणजे बगॅसोसिस. 1941 मध्ये अमेरिकेतील लुइझियानातून त्याचे प्रथम वर्णन आले. भारतातील पहिली नोंद 1955 ची, कोलकात्याजवळच्या एका पुठ्ठा कारखान्यातली.

गाळपातून नुकत्याच निघालेल्या ताज्या बगॅसने हा रोग होत नाही. ढिगात वा गठ्ठ्यांत ते आतून तापते आणि थर्मोॲक्टिनोमायसेस सॅकॅरी हा उष्णताप्रिय जीवाणू त्यात माजतो. पुढे गठ्ठे फोडताना त्याचे बीजाणू धुळीबरोबर उडतात. त्यामुळे गाळप करणाऱ्यापेक्षा जुने गठ्ठे फोडणारा, कागद किंवा पार्टिकल बोर्डच्या कारखान्यात माल ओढणारा कामगार अधिक धोक्यात असतो.

निदानाची किल्ली घड्याळात आहे. धुळीत काम केल्यावर चार ते आठ तासांनी, म्हणजे बहुधा घरी परतल्यावर, थंडी वाजून ताप, कोरडा खोकला आणि धाप सुरू होते. एकदोन दिवसांत सारे ओसरते. कामाशी संबंध रुग्णालाही जाणवत नाही, आणि मलेरिया वा न्यूमोनिया समजून औषधे दिली जातात. क्ष-किरण चित्रातले बारीक ठिपके क्षयाचा भास करून देतात. व्यवसायाच्या रकान्यात नुसते ‘नोकरी’ लिहिलेला केसपेपर इथे कुचकामीच; नेमके काम कोणते आणि सुटीत बरे वाटते का, हे विचारावेच लागते. दम्यासारखी घरघर सहसा नसते. फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी आणि सीटी स्कॅन यांनी संशय पक्का होतो. रक्तातील प्रतिपिंडे मात्र धुळीशी संपर्क आल्याचेच सांगतात, रोग असल्याचे नव्हे.

मुख्य उपचार म्हणजे त्या धुळीतून रुग्णाला बाहेर काढणे. तीव्र झटक्यात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात; पण गोळ्या घेऊन त्याच ढिगाऱ्यावर परत पाठवल्यास फुप्फुसांत कायमचे तंतू धरतात आणि मग ते मागे फिरत नाहीत.

प्रतिबंधासाठी साठ्यातला ओलावा 20 टक्क्यांपेक्षा जास्त ठेवून त्यावर सुमारे 2 टक्के प्रोपिऑनिक आम्ल फवारतात. वाहक पट्टे झाकतात आणि धूळ शोषून घेणारी यंत्रे बसवतात. तोंडाला बांधलेला रुमाल इतके सूक्ष्म बीजाणू अडवत नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातील ‘क’ भागात बगॅसोसिसचा समावेश होता. त्या भागातील रोगांसाठी ठरावीक काळ सलग नोकरी झालेली असणे ही अट होती, आणि हंगामी कामगाराचे घोडे नेमके तिथेच अडत असे.