सहयोगी नकाशांकन
ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सामाईक नकाशात अनेकांनी मिळून भर घालणे, त्यातील चुका दुरुस्त करणे आणि साठलेली भौगोलिक माहिती धुंडाळणे, या पद्धतीस सहयोगी नकाशांकन म्हणतात. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडात सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा तिचा सर्वांत मोठा आविष्कार होय. २०१३ मध्ये आलेल्या आयडी (iD) या संपादन-साधनामुळे ब्राउझरमध्येच उपग्रहचित्रावर रेखाटन करणे अधिक सोपे झाले. प्रत्येक बदल कोणी व कधी केला याची नोंद राहत असल्याने चुकीचा बदल मागे घेता येतो. खासगी कंपन्यांच्या नकाशांवरून परवानगीशिवाय नक्कल करण्यास मात्र मनाई आहे.

उपग्रहचित्रावरून घर, रस्ता, पाट ओळखता येतो, पण नाव कळत नाही. म्हणूनच खान्देशात स्थानिक माणसाचा सहभाग अपरिहार्य ठरतो. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत एकेका गावाची वस्ती डोंगरउतारांवरील अनेक पाड्यांत विखुरलेली असते आणि पाड्यांची नावे तिथल्या रहिवाशांनाच ठाऊक असतात. नावे भाषावार वेगळ्या टॅगांत, म्हणजे नकाशातील घटकाला जोडलेल्या माहितीच्या खुणांत, नोंदवता येतात. अहिराणीस आयएसओ ६३९-३ या भाषासंकेतांच्या आंतरराष्ट्रीय मानकात स्वतंत्र संकेत असल्याने तिच्यातील नावही मराठी नावाशेजारी टिकते. सातपुड्यासारख्या प्रदेशात उपग्रहचित्र मूळ जागेपासून काही मीटर सरकलेले असू शकते, त्यामुळे पायी फिरून घेतलेल्या जीपीएस नोंदींशी ते आधी जुळवून घ्यावे लागते.

पांझरा नदीवरील फड या सामूहिक सिंचन पद्धतीचे नकाशांकन विशेष मोलाचे, तितकेच अवघड आहे. बंधारा आणि पाट प्रचलित टॅगांत बसतात. परंतु ज्या फडात सर्व शेतकरी मिळून एकच पीक घेतात व पाटकरी ज्याला पाळीने पाणी देतो, त्याची हद्द त्या टॅगांत सहज मावत नाही. अशा वेळी यूमॅप या संकेतस्थळावर मूळ नकाशाच्या वर स्वतंत्र थर काढून तो गावातील अनेकांना संपादनासाठी खुला ठेवता येतो.

ओव्हरपास टर्बो या ओपनस्ट्रीटमॅपच्या शोधसाधनावर एखाद्या क्षेत्रातील सर्व बंधारे किंवा शाळा शोधता येतात. तेथे रिकामी दिसणारी जागा निर्जन असेलच असे नाही. अनेकदा तिथवर नोंद करणाराच पोहोचलेला नसतो. ‘खान्देश’ हे आज प्रशासकीय एकक नाही: १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व (पुढे जळगाव) व पश्चिम (पुढे धुळे) असे भाग झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे शोध घेताना जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या हद्दी एकत्र कराव्या लागतात, आणि तरीही नाशिक जिल्ह्यातील बागलाणचा अहिराणी मुलूख बाहेरच राहतो.