रिकामी पिकअप लवकर थांबते का?

"पिकअप रिकामी असली की हलकी, म्हणून ब्रेक पटकन लागतो, रोजच्या फिरण्याला चिंता नाही," असं नेहमी ऐकायला मिळतं. वजन कमी तर थांबणं सोपं, हा तर्क चुकीचा नाही. पण तो अर्धाच आहे.

पिकअपचं इंजिन आणि केबिन पुढे, मागे नुसता हौदा. रिकाम्या गाडीचं बरंचसं वजन पुढच्या चाकांवर असतं. ब्रेक दाबला की ते आणखी पुढे सरकतं आणि मागच्या चाकांवरचा भार आणखी कमी होतो. त्यात पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, भरलेल्या मालासाठी कडक केलेले. खड्ड्यात मागची बाजू उडते आणि उडालेल्या चाकाला पकड कुठली? पहिल्या पावसात, निसरड्या वळणावर गाडी मागून फिरते ती यामुळेच. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण नसलेली पकड आणत नाही.

खात्री वजनकाट्यावर करता येते. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून. वजाबाकी म्हणजे मागचा भार.

मागच्या टायरची हवा तपासा. मालासाठी भरलेली हवा रिकाम्या गाडीला जास्त होते. बऱ्याच गाड्यांच्या दाराच्या चौकटीवर दोन्ही आकडे असतात. मागे वजन यावं म्हणून वाळूची पोती टाकायची तर मागच्या अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) वर, बांधून. फाळक्याला टेकवून ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात. जादा पाटा मात्र टाळा. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब हौदा किती खाली बसला यावर ठरतो. पाट्याने तो उंच राहिला, तर भरलेल्या गाडीलाही मागचा ब्रेक कमी लागतो.