चौकोनांची भिशी: ब्लॉक अदलाबदलीची पार्श्वभूमी

दर महिन्याला एक नमुना आणि रंग ठरतात. गिल्डची, म्हणजे गोधड्या शिवणाऱ्यांच्या हौशी मंडळाची, प्रत्येक सभासद त्याप्रमाणे एक चौकोन शिवून आणते. चिठ्ठी जिची निघेल ती सगळे चौकोन घरी नेते आणि जोडून त्यांची गोधडी करते. अमेरिकेतल्या क्विल्टिंग गिल्डांमध्ये रुळलेला हा प्रकार आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको, ही सरळ सरळ भिशीच आहे. फोंड्यातल्या आम्हा काही जणींना ती सुरू करायची हौस आली आहे आणि पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच: “गोधड्या तर आपल्या आज्याही शिवायच्या, मग यात नवीन काय?”

गोव्याचा गोधडीशी संबंध जुना आहे, यात वाद नाही. यान ह्युगेन व्हान लिन्स्खोतेन हा डच माणूस १५८३ मध्ये आर्चबिशपच्या पदरी गोव्यात आला. १५९६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गुजरातमधल्या खंबायतच्या गोधड्यांचा उल्लेख आहे: काही रेशमाने शिवलेल्या, काही सुती, नाना रंगांच्या. बंगालमधल्या सातगावच्या टसर रेशमाच्या भरतकामाच्या रजयांनाही पोर्तुगीजांकडून मोठी मागणी होती. हा सगळा श्रीमंती माल. घरातली गोधडी म्हणजे जुनी लुगडी एकावर एक पसरायची, वर ठिगळं लावायची आणि धावदोरा घालत जायचं. तिला माप नव्हतं. माणूस पांघरुणात मावला की झालं.

गोव्यातून घाट चढून गेलेली एक परंपरा मात्र इथे सांगायलाच हवी. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या लोकांपैकी काही जण पळून, काही सुटका होऊन आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या रानात गेले. त्यांचे वंशज म्हणजे हल्याळ, यल्लापूरकडचे सिद्दी. सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात. जुनी साडी खाली अंथरतात, एका कडेपासून तुकडे लावत आणि त्याच वेळी टाके घालत चारी बाजूंनी फिरत आत सरकतात आणि मध्यावर येऊन थांबतात. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लागतात, त्यांना ‘फुलं’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. माझ्या मते आपल्या भागात याहून देखणं ठिगळकाम नाही. पण कवंदी काय किंवा आपली गोधडी काय, दोन्ही अखंड वाढत जातात. त्यांतला एक भाग तू शिव, एक मी शिवते, मग जोडू, असं करता येत नाही.

ते करता येतं ते ब्लॉकमुळे, म्हणजे ठरलेल्या मापाच्या सुट्या चौकोनामुळे. अमेरिकेत ही पद्धत १८४० च्या दशकात जोर धरू लागली. गिरण्यांचं छापील सुती कापड स्वस्त झालं होतं, आणि सुटा चौकोन मांडीवर घेऊन कुठेही शिवता येत होता. त्याच काळात ‘अल्बम क्विल्ट’ची लाट आली. बॉल्टिमोरचे अल्बम क्विल्ट तर आज संग्रहालयांत आहेत. मैत्रिणी आणि नातेवाईक एकेक चौकोन करत, त्यावर न पुसणाऱ्या शाईने नाव घालत, आणि गाव सोडून पश्चिमेला निघालेल्या बाईला ती गोधडी भेट मिळे. आजच्या अदलाबदलीचं मूळ मी इथे धरते.

पुढे नमुने वर्तमानपत्रांतून घरोघर गेले. एकट्या ‘कॅन्सस सिटी स्टार’ने १९२८ ते १९६१ पर्यंत ते छापले. दुसऱ्या महायुद्धानंतर हौस ओसरली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या, १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी आली, आणि गिल्डं भराभर निघाली. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याचा कटर आणला. कात्रीने एकेक तुकडा कापणं संपलं, चार थर एकदम आणि सरळ कापता येऊ लागले.

सगळी मेख मापात आहे. नेहमीचा ब्लॉक शिवून साडेबारा इंचांचा असतो, गोधडीत बसल्यावर बारा. ‘नाइन पॅच’ हा सर्वांत सोपा नमुना घ्या: साडेचार इंचांचे नऊ चौकोन, तीन ओळींत. आडव्या ओळीत दोन जोड, प्रत्येक जोडात दोन्हीकडून पाव इंच मार्जिन (शिवणीत जाणारं कापड), म्हणजे साडेतेरातून एक इंच वजा. आता मार्जिन दर वेळी अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त गेलं तर? चार ठिकाणी मिळून पाव इंच खाल्लं जातं आणि ब्लॉक सव्वाबाराच भरतो. असे दहा जणींचे दहा ब्लॉक शेजारी ठेवले की एकही शिवण शेजारणीला भेटत नाही.

गोव्यात भर कापडाची. कुणी कोरं पॉपलिन आणणार, कुणी आईच्या साडीचा धुऊन धुऊन मऊ झालेला पदर. कोरं पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटत नाही, आणि कोरं लाल असेल तर रंग सोडून शेजारचा पांढरा चौकोन गुलाबी करून टाकतं. म्हणून कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं, एवढा नियम आम्ही ठरवला आहे. पावसाळ्यात कापड वाळायला दोन दिवस लागले तरी चालतील. त्यातूनही ब्लॉक लहानमोठे आलेच, तर चिठ्ठी लागलेलीने ते सगळे सर्वांत लहान ब्लॉकच्या मापाला कापावेत आणि मधे दोन-दोन इंचांच्या पट्ट्या घालाव्यात. पट्टी आली की शिवणीला शिवण जुळवावी लागत नाही.